साष्टीचा हिशेब

ठाण्यात जन्म काढलेल्या माणसालाही सहसा ठाऊक नसतं की आपण एका सात वर्षांच्या लढाईच्या कमाईवर राहतो. कमाई आपली नव्हे, इंग्रजांची. १७७५ ते १७८२ अशी सात वर्षं मुंबईकर इंग्रज आणि पुणेकर कारभारी एकमेकांशी झुंजत राहिले. गुजरातेत लढाया झाल्या, मावळात झाल्या, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शिड्या लागल्या, वसईला वेढा पडला. आणि मग ग्वाल्हेरजवळच्या सालबाई नावाच्या गावात तह झाला, तेव्हा इंग्रजांकडे जमीन म्हणून उरलं ते साष्टी बेट आणि घारापुरी, उरणचं करंजा अशी भोवतालची लहान बेटं. वसई परत द्यावी लागली. कल्याण परत द्यावं लागलं. भडोच महादजी शिंद्यांना गेलं.

साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतचा सगळा मुलूख. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि खाडीच्या अलीकडचं ठाणं. पंधरा डब्यांच्या लोकलमध्ये एका पायावर उभी राहणारी बहुतेक मुंबई. तेव्हा मात्र ती भातशेती, ताडमाड, मिठागरं आणि कोळीवाडे एवढीच होती.

तर एवढ्यासाठी सात वर्षं लढणं परवडलं का? हा वाद मी उकरून काढलेला नाही. लढाई चालू असतानाच तो सुरू झाला होता, आणि लढणाऱ्यांनीच आपसात घातला होता. आमच्या गल्लीत तो पुन्हा पेटला तो नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहातल्या व्याख्यानानंतर. विषय अर्थातच वडगावची लढाई. आपल्याकडे या युद्धावर व्याख्यान ठेवायचं तर वडगावच ठेवतात, सालबाई कुणी ठेवत नाही. व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या आणि बाहेर टपरीवर चहा घेताना बँकेतून निवृत्त झालेले एक काका सहज बोलून गेले, "सगळं खरं, पण शेवटी ठाणं गेलंच ना?"

सर तिथेच होते. सर म्हणजे आमच्या भागातले इतिहासाचे सर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कुणी सनावळी चुकली की त्यांचा हात खडू शोधतो. ते म्हणाले, "गेलं म्हणजे काय? वडगावला इंग्रजांनी ठाणं परत करू म्हणून लिहून दिलं होतं. शब्द फिरवला तो त्यांनी. आपण जिंकलो होतो."

"जिंकलो होतो तर सातबारा कुणाच्या नावावर झाला?" काका.

बँकेतला माणूस. त्याला दुसरा प्रश्न पडणार तरी कसा?

त्यांचं खरं-खोटं करायचं तर सुरुवातीपासून बघावं लागतं, आणि सुरुवात ठाण्यातच आहे. नारायणराव पेशव्यांचा ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथराव गादीवर बसले, पण एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पाठीमागे मुलगा जन्मला आणि नाना फडणीस, सखारामबापू वगैरे बारभाईंनी त्या तान्ह्याच्या नावाने कारभार हाती घेतला. रघुनाथराव गुजरातेत पळाले, इंग्रजांच्या दारात गेले. मुंबईचा गव्हर्नर होता विल्यम हॉर्नबी. वरळीच्या त्या हॉर्नबी वेलार्ड बांधाचा हॉर्नबी. मुंबईच्या बेटाला तेव्हा ना धड शेती, ना लाकूड, ना पाठ टेकायला मागे जमीन. साष्टी आणि वसई आपल्याला हवी हा मुंबईकर इंग्रजांचा जुना ध्यास होता. पुण्याला वकील पाठवून, गोड बोलून मागून झाली होती. मिळाली नव्हती. अशात बातमी आली की गोव्याचे पोर्तुगीज गेलेली ठाणी परत घ्यायला आरमार पाठवताहेत. निमित्त मिळालं. डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईहून फौज निघाली आणि महिना संपायच्या आत ठाण्याचा किल्ला पडला. पहिला हल्ला उलटला होता. आरमाराचा कमोडोर वॉटसन इथेच जखमी होऊन मेला. त्याचा राग असेल, लढाईची रीतच तशी असेल, किल्ला हाती आल्यावर आतली बहुतेक शिबंदी कापली गेली.

तो किल्ला म्हणजे आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिलं ते इथे. त्याआधी १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे निसटले तेही इथूनच. एवढं आपल्याला माहीत असतं, निदान डेंगळ्यांची गोष्ट तरी रंगवून सांगितली जाते. पण १७७४ च्या डिसेंबरात त्या भिंतींच्या आत मेलेल्यांची नावं कुठे वाचायला मिळत नाहीत. वॉटसनचं नाव मिळतं.

रघुनाथरावांशी सुरतेचा तह झाला तो नंतर, मार्च १७७५ मध्ये. म्हणजे आधी माल उचलला, मग खरेदीखत केलं. आणि इथे गंमत सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीसाठी पार्लमेंटने केलेल्या नव्या कायद्याप्रमाणे मुंबईने कलकत्त्याच्या, म्हणजे गव्हर्नर जनरल आणि त्याच्या कौन्सिलच्या, परवानगीवाचून लढाई छेडायची नव्हती. कलकत्त्याच्या कौन्सिलला हे कळलं तेव्हा तिने मुंबईला असं काही झाडलं की आजही वाचताना बरं वाटतं. हे युद्ध अविचाराचं आहे, धोक्याचं आहे, विनापरवाना आहे आणि अन्यायाचं आहे, असं कलकत्त्याने १७७५ मध्ये लेखी कळवलं. शत्रूने नव्हे, त्यांच्याच वरिष्ठांनी. त्या कौन्सिलात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याचे विरोधक रोज भांडत, पण मुंबईने चूक केली यावर त्यांचं एकमत होतं.

मग कलकत्त्याने कर्नल अप्टनला पुण्याकडे धाडलं आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. आता अन्यायाचं युद्ध म्हटल्यावर अन्यायाने घेतलेलं परत करायला हवं की नको? तहात कलम आलं ते असं, की साष्टी इंग्रजांकडे राहावी, किंवा गव्हर्नर जनरलच्या मर्जीला आलं तर तिच्या बदल्यात तीन लाख उत्पन्नाचा दुसरा मुलूख घ्यावा. मर्जीला आलं नाही, हे सांगायला नकोच. अन्याय नोंदवहीत राहिला, बेट ताब्यात राहिलं.

तीन लाख! घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही विक्री कार्यालयात हा आकडा सांगून बघा, पार्किंगचं नावही काढू देणार नाहीत. पुढे सालबाईच्या तहात रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजारांचा तनखा ठरला. वर्षाचे तीन लाख. एका बेटाची किंमत आणि एका उतरलेल्या पेशव्याची किंमत एकच निघाली, हे माझं मलाच सापडलेलं गणित आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. पण काकांना ते फार आवडलं.

सरांचं वडगाव येतं ते यानंतर. लंडनच्या संचालकांना साष्टी हवीच होती, त्यांनी मुंबईची पाठ थोपटली. म्हणजे मधला साहेब ओरडतोय आणि सगळ्यात वरचा हसतोय. मुंबईकरांना आणखी काय हवं! नोव्हेंबर १७७८ मध्ये त्यांची फौज पनवेलला उतरली. चार हजारांच्या आत माणसं आणि तोफा-सामान ओढायला एकोणीस हजार बैल. एक्स्प्रेसवेवरून तासाभरात लोणावळा गाठणाऱ्यांनी हे चित्र जरूर डोळ्यांपुढे आणावं. बोरघाट चढून ही जत्रा रखडत कार्ल्यापर्यंत आली, तिथे कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मावळातल्या लोकांनी त्याला इष्टुर फाकडा म्हणून शत्रूच्या अंगावरही मूठभर मांस चढवलं. तळेगावला पोचले तर गाव जाळून मोकळं केलेलं. ना दाणा ना वैरण. जानेवारी १७७९ मध्ये रात्रीच्या अंधारात तोफा तळ्यात ढकलून परत फिरले आणि वडगावला कोंडले गेले. तिथे लिहून दिलं की १७७३ पासून घेतलेलं सगळं परत करू. साष्टीसकट. सरांचं म्हणणं यापुरतं शंभर टक्के खरं आहे.

मुंबईला पोचल्यावर ते लिखाण कुणी मानलं नाही. जनरल गॉडर्ड बंगालची फौज घेऊन देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत आला, १७८० च्या डिसेंबरात त्याने वसई घेतली. त्याच दिवसांत वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला मराठा सरदार रामचंद्र गणेश लढता लढता पडले. दुगाड आपल्याच जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात. वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडांवर दर रविवारी ठाण्यातून गाड्या जातात, वाटेत हे कुणाला आठवत नाही आणि मी तरी आठवण करून देऊन सहलीचा विचका का करू? पुढच्या वर्षी गॉडर्ड खंडाळ्यापर्यंत चढला आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या माऱ्यात शेकडो माणसं गमावत पुन्हा पनवेलला उतरला. तिकडे मैसूरचा हैदरअली मद्रासकडच्या कर्नाटकात घुसलेला. मुंबईची तिजोरी रिकामी. मग सालबाई.

लंडनमधला वाद याच सुमारास रंगात आला होता. पार्लमेंटने १७८१ मध्ये हेन्री डंडासच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने मुंबईचा, मद्रासचा, कलकत्त्याचा सगळा कागदपत्र चाळला. मे १७८२ च्या अखेरीस हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला की हेस्टिंग्ज आणि हॉर्नबी यांनी देशाच्या इभ्रतीला न शोभणारं वर्तन केलं, हिंदुस्थानावर मोठी संकटं आणली, कंपनीला प्रचंड खर्चात लोटलं, सबब दोघांना परत बोलवावं. गंमत अशी की सालबाईचा तह त्याच महिन्याच्या सतरा तारखेला झाला होता. लढाई परवडली की नाही यावर लंडनमध्ये भाषणं चालली होती तेव्हा ती संपली होती, आणि हे लंडनमध्ये कुणाला कळायला अजून काही महिने होते.

परत बोलावलं का? नाही. कंपनीच्या भागधारकांनी हेस्टिंग्जला हलवू दिलं नाही. पुढे त्याच्यावर महाभियोग चालला आणि १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. हॉर्नबी आपली मुदत संपवून मायदेशी गेला, आणि मुंबईत त्याच्या नावाचा रस्ता झाला. आजचा दादाभाई नौरोजी रोड म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. १७८४ च्या कायद्यात पार्लमेंटने चक्क लिहिलं की हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं हे या राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला आणि धोरणाला सोडून आहे. त्यानंतर ते काय काय जिंकत सुटले ते आपल्याला माहीत आहे.

मला या सगळ्यात बोचतं ते हे, की त्या वादात एकही बाजू खोटं बोलत नव्हती. कलकत्त्याला अन्याय दिसत होता. लंडनला खर्च दिसत होता. आणि कुणालाही बेट परत द्यायचं नव्हतं. युद्धावर टीका करायला त्यांना काही लागलं नाही, कारण टीका करून काही जाणार नव्हतं. अमेरिकेने वीस वर्षांनी काबूल सोडलं तेव्हा तिकडच्या चर्चा ऐकताना मला हॉर्नबी आठवला होता. पण ते असो.

टपरीवर परत येतो. काकांनी सरांना कोंडीत पकडलं तेव्हा सरांच्या मदतीला आली ती कळव्याची एक मुलगी. वास्तुशास्त्र शिकते, जुन्या नकाशांचं वेड. ती म्हणाली, "काका, ठाणं गेलं, पण कळवा कुठे गेला? आमच्या बाजूने कुणी बोलतच नाही."

तिचं म्हणणं समजायला आम्हाला दोन मिनिटं लागली. कळवा खाडीच्या पलीकडे, साष्टीच्या बाहेर. सालबाईनंतर ठाण्याची खाडी ही सरहद्द झाली. अलीकडे कंपनी सरकार, पलीकडे पेशवाई. बेलापूर, पनवेल, कल्याण सगळं पलीकडे. उत्तर कोकण इंग्रजांना मिळालं ते १८१७ मध्ये. तोवर पस्तीस वर्षं ही खाडी दोन राज्यांच्या मधून वाहत होती. आज ऑफिसला उशीर झाला म्हणून चरफडत ठाणे-वाशी लोकल पकडणारा माणूस रोज सकाळी ती सरहद्द ओलांडतो आणि संध्याकाळी पुन्हा.

या मुद्द्यावर काकांनी हुकमी पान टाकलं. "अगं, पण इंग्रजांचं ठाणं झालं म्हणून तर पहिली रेल्वे इथे आली! १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. लढाई परवडली की नाही ते त्यांना विचार, त्यांना तर सोन्याची खाण मिळाली."

हे पान प्रत्येक वेळी पडतं. कुठल्याही युद्धाबद्दल, कुठल्याही देशात. पुढे हे हे झालं, म्हणून तेव्हा ते ते करणं योग्य. मी त्या दिवशी फारसा बोलत नव्हतो, पण यावर बोललो. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी कळवा, कल्याण, पुणं, सगळंच घेतलं. साष्टी १७८२ मध्ये मिळाली नसती तर तेव्हा मिळालीच असती. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी कल्याणला गेली, आणि कल्याण तर त्या सात वर्षांच्या लढाईत त्यांना परत द्यावं लागलं होतं. मग सात वर्षांचा रक्तपात, बैल, तोफा, कर्ज हे सगळं कशासाठी? पस्तीस वर्षं आधी ताबा मिळावा म्हणून? काका म्हणाले, पस्तीस वर्षांचं व्याज लाव. बँकवाला शेवटी बँकवाला.

माझं मत विचाराल तर कलकत्त्याने १७७५ मध्ये जे लिहिलं ते बरोबर होतं, आणि मुलुंडच्या चौरस फुटाचा भाव काहीही झाला तरी ते चूक ठरत नाही. लढाईचा हिशेब ती छेडताना हातात जे होतं त्यावर करायचा, आणि पैसे कोणी भरले ते पाहून करायचा. किल्ल्यात कापल्या गेलेल्या शिबंदीने भरले, दुगाडच्या शेतकऱ्याने भरले, तळेगावच्या ज्या माणसाने आपलं घर आपल्याच सरकारच्या हुकमाने पेटताना पाहिलं त्याने भरले. हॉर्नबीने काही भरलं नाही. ज्या रघुनाथरावांसाठी म्हणून हे सुरू झालं ते तहानंतर दीड-एक वर्षात कोपरगावी वारले.

मराठ्यांच्या बाजूने परवडलं का, हा प्रश्न मला निराळा वाटतो. दारात आलेल्याशी लढावं की नको हे ठरवायला नानांना फारशी मोकळीक नव्हती. तह मात्र साधा नव्हता. हैदरअलीला सोबत घेऊन लढाई मांडायची आणि मग त्याला वाऱ्यावर सोडून सही करायची, हे नानांना रुचत नव्हतं. महादजींनी तह घडवला, नानांनी शिक्का मारायला १७८३ चा फेब्रुवारी आणला. तोवर हैदर मेला होता. दोघांचे हेतू वेगळे होते आणि दोघांनाही साष्टी सुटल्याचं दुःख सारखंच होतं असं मला वाटत नाही. महादजींचं लक्ष दिल्लीकडे लागलेलं होतं. पण वीस वर्षं इंग्रज पुन्हा अंगावर आले नाहीत, हे सर सांगतात ते खरंच. मी सरांच्या बाजूने होतो. इथवर.

मग ती कळव्याची मुलगी म्हणाली, "सर, हाच हिशेब १७३७ ला लावायचा का?"

१७३७ म्हणजे चिमाजी अप्पा. त्या मार्च महिन्यात मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून घेतलं, आणि दोन वर्षं झुंजून मे १७३९ मध्ये वसई. ठाण्यातल्या कुठल्याही मराठी माणसाची छाती इथे फुगते, माझीही फुगते. ती मोहीम पुण्याने उगाच काढली नव्हती. धर्माच्या जाचाने गांजलेल्या इथल्या लोकांनी बोलावणं धाडलं होतं, अंजूरचे गंगाजी नाईक त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत होते. पण ती लढाई छेडायची की नाही हे ठरवायला पुण्याला वेळ होता, मोकळीक होती. आणि एकट्या वसईच्या वेढ्यात मराठ्यांच्याच कबुलीप्रमाणे मेलेले-जखमी पाच हजारांच्या वर गेले. पाच हजार. त्या पाच हजारांनी मिळवलेल्या साष्टीचं ठाणं पस्तीसएक वर्षांत इंग्रजांनी एका महिन्याच्या आत घेतलं. किल्ला जिंकायला जेवढा जीव ओतला, त्याच्या दशांश तरी तो राखायला ओतला होता का? वसईच्या चर्चमधल्या घंटा देवळांत नेऊन टांगल्या. आरमार घडवायचं सोडून उलट आपलंच आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या मदतीने बुडवलं, ते १७५६ मध्ये.

सर म्हणाले, "वसईची गोष्ट वेगळी आहे."

मी म्हणालो, "वेगळी आहेच सर. मला विचाराल तर ती लढाई मी योग्यच म्हणेन. पण पाच हजार मोजून म्हणेन. आणि पुढच्या पस्तीस वर्षांत आपण काय केलं तेही त्याच पानावर लिहीन."

"म्हणजे तू हॉर्नबीला आणि चिमाजी अप्पांना एका तागडीत घालतोस."

"तागडी एकच आहे. माप वेगळं येईल."

सरांनी कप ठेवला. काका खूश दिसत होते, कारण भांडण आता त्यांच्यावरून सरकलं होतं. मुलीने मोबाइलवर एक जुना नकाशा काढून कळव्यासमोरची खाडी मोठी करून दाखवायला सुरुवात केली, पण सर चष्मा खिशात घालून निघाले.

तेव्हापासून सर माझ्याशी सगळ्या विषयांवर बोलतात, वसई सोडून. परवा मात्र त्यांचा फोन आला. मे महिन्यात वसईच्या किल्ल्यावर विजयदिनाला त्यांचे जुने विद्यार्थी जाणार आहेत, गाडीत एक जागा आहे. "ये," म्हणाले, "पण हिशेब घरी ठेवून ये." मी येतो म्हटलं. कळव्याच्या मुलीलाही घेऊ का, असं विचारल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "तिला घे. तिच्याकडे नकाशे आहेत."